उन्हाळ्यातील वाटा : मारवाड, अबू आणि गारव्याचा इतिहास



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपली शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजते, त्या गुरुजींच्या हाताखाली मी इतिहास शिकलो. लढाया आणि तह यांच्या सनावळ्या ते पाठ करवून घेत, पण त्याबरोबर एक प्रश्न नेहमी विचारीत : "त्या दिवशी त्या गावात पाणी कोठून येत होते?" त्या वेळी हा प्रश्न आम्हांला गमतीचा वाटे. पुढे स्वतः शिकवू लागल्यावर कळले की, राजवटींचा इतिहास तख्ताभोवती फिरतो, पण माणसांचा इतिहास पाणी, सावली आणि धान्य यांच्याभोवती फिरतो. आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो गुरुजींच्या त्या प्रश्नातूनच निघालेला आहे. मरुभूमीच्या काठावर वसलेल्या एका शहराने, म्हणजे जोधपूरने, उन्हाळ्यात गारवा कोठे शोधला आणि तो कोणाच्या वाट्याला आला, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या ग्वाल्हेरकरांना उन्हाळा काय असतो, हे सांगण्याची गरज नाही. दुपारची लू, दारावरची वाळ्याची टट्टी, तिच्यावर पाणी मारण्याचे काम अंगावर आलेली धाकटी मुले, या गोष्टी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी अनुभवलेल्या आहेत. तरीही मारवाडचा उन्हाळा आपल्याहून निराळा आहे. जोधपूरला वर्षभरात सरासरी पाऊस अवघा साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर पडतो. मे महिन्यात दुपारचे सरासरी तपमान एक्केचाळीस-बेचाळीस अंशांच्या घरात असते. जोधपूरच्या वायव्येस असलेल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले. भारतातील तो उच्चांक ठरला. अशा मुलखात शेकडो वर्षे माणसे राहिली, शहरे वसली, व्यापार चालला. ते कसे, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा प्रश्न आहे.

या प्रश्नाची तीन उत्तरे मारवाडने दिली, असे मला दिसते. पहिले, गारवा आहे तेथेच घडवणे. दुसरे, गारवा आहे तेथे, म्हणजे डोंगरावर, जाणे. तिसरे, मुलूखच सोडून दूर निघून जाणे. या तीन वाटांनी तीन निरनिराळे समाज चालले. त्यांचा क्रमाने विचार करू.

घडवलेला गारवा

राठोडांची जुनी राजधानी मंडोर. १४५९ मध्ये राव जोधा यांनी ती सोडून सुमारे नऊ किलोमीटरवरच्या खडकाळ टेकडीवर किल्ला बांधण्यास आरंभ केला आणि त्याच्या पायथ्याशी जोधपूर वसवले. हे स्थलांतर संरक्षणासाठी होते, गारव्यासाठी नव्हे. उघड्या खडकावरचे गाव मंडोरपेक्षा अधिकच तापणारे होते. म्हणून किल्ल्याबरोबर पाण्याची सोयही करावी लागली. किल्ल्याच्या कुशीतील राणीसर हा तलाव राव जोधांच्या राणीच्या नावाशी जोडलेला आहे. गावात अठराव्या शतकात तूरजी का झालरा ही पायऱ्यांची विहीर महाराजा अभयसिंह यांच्या राणीने बांधविली. त्याच शतकाच्या अखेरीस महाराजा विजयसिंह यांची प्रिय पासवान गुलाबराय हिने गुलाबसागर हा तलाव करविला. ही नावे मुद्दाम सांगितली. किल्ल्यांवर राजांची नावे आढळतात, पाण्यावर मात्र पुष्कळदा राण्यांची आणि पासवानांची आढळतात. पाणी भरण्याचे काम ज्यांच्या डोक्यावर होते, त्यांच्या वर्गाला पाण्याचे मोल अधिक कळले असावे, असे मला वाटते.

पायऱ्यांची विहीर ही केवळ पाण्याची जागा नव्हती. जमिनीच्या पोटात जसजसे खाली उतरावे, तसतशी दगडाची भिंत थंड लागते, ऊन वरच अडते आणि पाण्यावरून येणारी हवा अंगाला लागते. भर दुपारी वरच्या गल्लीत उभे राहवत नसताना विहिरीच्या खालच्या पायऱ्यांवर बसता येत असे. तेथे जाण्यासाठी दाम मोजावे लागत नव्हते. जातीपातीची बंधने त्या काळच्या पाणवठ्यांवर होती, हे विसरता येणार नाही. पण धन नाही म्हणून कोणाला गारवा नाकारला जात नव्हता.

शहराबाहेर बालसमंद हा तलाव बाराव्या शतकातील, म्हणजे जोधपूर वसण्यापूर्वीचा. परंपरेने तो बालकराव पडिहार यांचा मानला जातो. पुढे त्याच्या काठी राठोडांनी बागा आणि उन्हाळी महाल केले. १८७२ मध्ये कायलाना हा मोठा तलाव झाला. ज्यांना शहरातून थोडे दूर जाता येत होते, त्यांचा उन्हाळा या तलावांच्या काठी जात असे.

घरांची बांधणीही अशीच विचारपूर्वक होती. जाड दगडी भिंती दिवसभराची उष्णता आत पोहोचू देत नाहीत. अरुंद, वळणदार गल्ल्यांमुळे समोरासमोरच्या घरांची सावली एकमेकांवर पडते. चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या भिंती ऊन परतवतात. जाळीतून हवा येते, प्रखर प्रकाश येत नाही. आणि रात्री सारे गाव गच्चीवर झोपते. कोरड्या हवेत, निरभ्र आकाशाखाली जमीन लवकर निवते. म्हणून वाळवंटात दिवस आणि रात्र यांच्या तपमानात मोठा फरक पडतो. सामान्य मारवाड्याने गारवा दुसऱ्या गावी शोधला नाही. तो दिवसाच्या दुसऱ्या प्रहरी शोधला. दुपारी तळघर, रात्री गच्ची, अशी त्याची दिनचर्या होती.

वाळ्याच्या टट्टीचे तत्त्वही तेच. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ अधिक आणि गारवाही अधिक. म्हणून ही टट्टी जोधपूर-ग्वाल्हेरला उपयोगी पडते, मुंबईच्या दमट हवेत निरुपयोगी ठरते. मरुभूमीचा जो दोष, तिची शुष्कता, तिलाच या लोकांनी साधन बनवले.

नागौरचा वेढा

येथे आपल्या मराठी इतिहासाशी जोडलेला एक प्रसंग सांगितला पाहिजे. जोधपूरच्या ईशान्येस नागौर आहे. तेथील अहिछत्रगड किल्ल्यात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बख्तसिंह यांनी अनेक महाल बांधले अथवा वाढवले. पाण्याचे पाट, हौद, कारंजी आणि वाऱ्याचा मार्ग लक्षात घेऊन उघडे ठेवलेले मंडप, अशी त्यांची रचना आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून त्यांचा जीर्णोद्धार झाला. सपाट, वृक्षहीन मुलखात तटाच्या आत पाणी आणि वारा यांचा असा मेळ घातलेला पाहून नवल वाटते.

बख्तसिंहांचे पुत्र विजयसिंह १७५४ मध्ये मराठ्यांकडून पराभूत होऊन याच नागौरच्या किल्ल्यात शिरले. जयाप्पा शिंदे यांनी किल्ल्याला वेढा घातला. तो वेढा हिवाळ्यात सुरू झाला आणि पुढचा सारा उन्हाळा चालला. तटाच्या आत हौद आणि पाट. तटाबाहेर, वाळूवर, मराठ्यांची छावणी. जुलै १७५५ मध्ये बोलणी करण्यास म्हणून आलेल्या राठोडांच्या माणसांनी जयाप्पांचा छावणीतच वध केला. नागौरजवळ ताऊसर येथे त्यांची छत्री आहे. त्यांच्यानंतर दत्ताजींनी वेढा पुढे चालवला. १७५६ मध्ये तह झाला आणि जयाप्पांच्या वधाची भरपाई, ज्याला तिकडे 'मुंडकटी' म्हणतात, म्हणून अजमेर मराठ्यांना मिळाले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग विश्वासघाताची कथा म्हणून येतो आणि तो तसा आहेही. पण गुरुजींचा प्रश्न येथे विचारून पाहावा : त्या दिवशी पाणी कोणाजवळ होते? मरुभूमीतील वेढ्यात तटबंदीइतकेच महत्त्व साठवलेल्या पाण्याला असते. आतील माणूस थांबू शकतो आणि बाहेरच्याचा एकेक दिवस खर्चाचा होतो. इतके महिने वेढा का लांबला, याचे निदान एक कारण त्या हौदांत शोधावे लागते.

मुंडकटीत मिळालेले अजमेर मध्यंतरीची काही वर्षे वगळता १८१८ पर्यंत शिंद्यांकडे राहिले. अरवलीच्या कुशीतील हे शहर. तेथील आनासागर हा बाराव्या शतकातील तलाव आणि त्याच्या पाळीवरच्या, शाहजहानने १६३७ मध्ये बांधलेल्या संगमरवरी बारादऱ्या प्रसिद्ध आहेत. दौलतराव शिंद्यांनी १८१८ मध्ये अजमेर इंग्रजांना दिले. पुढे १८६० पासून त्याच अजमेरच्या माथ्यावरील तारागडाचा उपयोग इंग्रजांनी नसीराबादच्या गोऱ्या शिपायांचे आरोग्यस्थान म्हणून केला. तोफा चढवण्याचा गड आता ताप उतरवण्याचा गड झाला. यावरून आपण दुसऱ्या वाटेकडे, डोंगराच्या वाटेकडे, वळतो.

डोंगरावरचा गारवा

जोधपूरहून दक्षिणेस अडीचशे किलोमीटरहून काहीशा अधिक अंतरावर अबूचा पहाड आहे. गाव सुमारे १२०० मीटर उंचीवर. गुरुशिखर १७२२ मीटर, म्हणजे अरवलीतील सर्वांत उंच. जोधपूर समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तपमान उतरते, या हिशेबाने अबू जोधपूरपेक्षा सहा अंशांनी तरी थंड असावयास हवा. प्रत्यक्षात झाडी आणि जास्त पाऊस यांमुळे फरक याहून अधिक जाणवतो. ज्या वाऱ्यांतून मारवाडवर थेंबही पडत नाही, त्यांतील पाणी हा पहाड अडवून घेतो.

अबू हे इंग्रजांनी शोधलेले थंड हवेचे ठिकाण, असे प्रवासाच्या पुस्तकांतून वाचावयास मिळते. कर्नल जेम्स टॉड जून १८२२ मध्ये अबूवर गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनामुळे युरोपात अबूचे नाव झाले, हे खरे. पण त्यापूर्वी जवळजवळ आठशे वर्षे, १०३१ मध्ये, सोळंकी राजा पहिला भीमदेव याचा मंत्री विमल शाह याने देलवाड्याला आदिनाथाचे मंदिर उभारले होते. १२३० मध्ये वस्तुपाल-तेजपाल बंधूंचे लूणवसही तेथेच झाले. संगमरवर पहाडाखालून वर आणून एवढे काम झाले, ते ओसाड माथ्यावर नव्हे. यात्रेकरूंची वाट शतकानुशतके चालती होती. राणा कुंभाने यात्रेकरूंवरील कर माफ केल्याचा १४४९ चा शिलालेख देलवाड्यास आहे. कर माफ करावा लागला, याचाच अर्थ वर्दळ कर घेण्याइतकी होती.

याच कुंभाशी संबंधित एक परंपरा सिरोहीच्या इतिहासात नोंदलेली आहे. कुंभाने अबूचा ताबा घेतला, तेथे अचलगड बांधला आणि तो पहाड सहजासहजी सोडीना. त्यावरून सिरोहीच्या देवडा राजांनी नियम केला की, यापुढे कोणत्याही परक्या राजाला अबूवर पाऊल ठेवू द्यावयाचे नाही. हा नियम १८३६ पर्यंत पाळला गेला असे सांगतात. त्या वर्षी उदयपूरचे महाराणा जवानसिंह यांना इंग्रज अधिकाऱ्याच्या रदबदलीने वर जाण्याची मुभा मिळाली.

मला हा नियम फार बोलका वाटतो. कित्येक शतके अबू हा असा पहाड होता की, तेथे भिकारी यात्रेकरू जाऊ शकत होता आणि राजा जाऊ शकत नव्हता. यात्रेकरू पुण्यासाठी जात होता. गारवा त्याला प्रसादासारखा मिळत होता. एकोणिसाव्या शतकात हे चित्र उलटे झाले.

१८४५ मध्ये सिरोहीचे राव शिवसिंह यांनी आजारी शिपायांच्या आरोग्यस्थानासाठी अबूवरील काही जमीन इंग्रजांना दिली. देताना अटी घातल्या. त्यांपैकी मुख्य ही की, पहाडावर गाय-बैल मारू नयेत आणि गोमांस वर आणू नये. आपल्याला येथे महाबळेश्वरची आठवण होईल. तेथेही १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून खंडाळा गावाच्या बदल्यात पठारावरील जागा इंग्रजांनी घेतली आणि माल्कम पेठ वसली. देवस्थानाचा डोंगर, लहानसा राजा, आजारी शिपायांसाठी थोडी जागा आणि मग हळूहळू सरकारचे उन्हाळी ठाणे, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

सर हेन्री लॉरेन्स राजपुतान्यात गव्हर्नर जनरलचे एजंट असताना गोऱ्या शिपायांच्या मुलांसाठी अबूवर त्यांच्या नावाची शाळा निघाली. ऑगस्ट १८५७ मध्ये एरिनपुऱ्याच्या जोधपूर लीजनने उठाव केला, तेव्हा तिच्या एका तुकडीने अबूवरही हल्ला केला. थंड हवेत विश्रांती घेत असलेले आजारी शिपाई आणि एजंटाचे कुटुंबीय यांच्यापर्यंत खालचा वणवा पोहोचला. तो उठाव शमल्यावर इंग्रजांची पहाडावरील पकड सैल होण्याऐवजी घट्ट झाली. अबू हे राजपुताना एजन्सीचे मुख्य ठिकाण बनले. १८८० च्या आसपास अहमदाबाद-अजमेर लोहमार्ग पहाडाच्या पायथ्याशी, खराडी गावी आला आणि तेथे अबू रोड हे स्थानक झाले. १८८५ मध्ये जोधपूरही रेल्वेने जोडले गेले. पूर्वी उंटावरून कित्येक दिवसांचा असलेला प्रवास आता एका रात्रीवर आला.

मग ज्या राजांना पूर्वी पहाड निषिद्ध होता, त्यांनीच तेथे बंगले आणि महाल बांधले. जयपूर, बिकानेर, अलवर यांच्या कोठ्या नक्की सरोवराच्या आसपासच्या उंचवट्यांवर उभ्या राहिल्या. राजे केवळ हवेसाठी गेले, असे समजू नये. ज्याच्या शिफारशीवर दत्तक, वारसा आणि मानमरातब अवलंबून होते, तो एजंट उन्हाळ्यात जेथे राही, तेथे संस्थानिकाला राहणे भाग होते. गारवा आणि सत्ता एकाच पत्त्यावर राहू लागल्या. १९१७ मध्ये इंग्रज सरकारने अबूचा भाग सिरोहीकडून कायमच्या पट्ट्याने घेतला.

या सोयीचे ओझे मात्र कोणी वाहिले? मोटारीचा रस्ता होईपर्यंत साहेब, मेमसाहेब, पेट्या आणि पियानो माणसांच्या खांद्यांवरून वर चढले. पहाडाच्या अंगाखांद्यावर राहणारे भिल्ल आणि गरासिये यांची नावे कोणत्याही कोठीच्या शिलेवर नाहीत.

मुलूख सोडणारे

आता तिसरी वाट. ज्यांना अबू परवडत नव्हता आणि ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या, ते कोठे गेले? ते आपल्याकडे आले, माळव्यात आले.

मारवाडचे राईका अथवा रेबारी हे धनगर पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप घेऊन पूर्वेस निघत. त्यांच्या चालत्या तांड्याला 'डांग' म्हणतात आणि तिचा एक नंबरदार असतो. अरवली ओलांडून, चंबळ ओलांडून ते माळव्यात आणि आपल्या भागात येत, आणि पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशी परतत. शिवपुरी-गुणा रस्त्यावर लाल पागोट्यांचे हे लोक, उंटांवर खाटा आणि लेकरे बांधून जाताना, आपण सर्वांनी पाहिले आहेत. लहानपणी आम्ही त्यांच्यामागे धावत असू. ते गरीब असतील, पण हवामानाचे त्यांचे ज्ञान कोणत्याही एजंटापेक्षा कमी नव्हते. जेथे गवत तेथे सावली, जेथे सावली तेथे पाणी, हा त्यांचा नकाशा.

एरवी हा क्रम नीट चाले. दुष्काळात त्याला भयंकर रूप येई. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००, या सालाला मारवाडात 'छप्पनिया' म्हणतात. पाऊस पडला नाही. धान्य, चारा आणि पाणी, तिन्ही नाहीसे झाले. लोक नेहमीप्रमाणे कळप घेऊन माळव्याकडे निघाले. माळवा कधी कोरडा पडत नाही, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री होती. त्या वर्षी माळव्यातही पाऊस गेला होता. पुढे चारा नाही आणि मागे गाव नाही, अशा अवस्थेत गुरे रस्त्यात पडली आणि त्यांच्यामागे माणसे.

जोधपूर संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २५,२८,१७८ होती. १९०१ मध्ये ती १९,३५,५६५ भरली. दहा वर्षांत जवळजवळ सहा लाख माणसे उणी झाली. यांतील सर्वच मेली असे नाही. बरीच परमुलखात गेली आणि परतली नाहीत. पण दर चार माणसांमागे जवळजवळ एक माणूस नाहीसा होणे म्हणजे काय, हे आकडा वाचून लगेच ध्यानात येत नाही. आपल्या वर्गात चाळीस मुले असतील, तर त्यांतील नऊ बाके रिकामी झाली, असे समजा.

आणि हीच ती वर्षे, जेव्हा अबूच्या माथ्यावर संस्थानिकांच्या कोठ्यांची बांधकामे चालली होती. १८९० ते १९०० या दशकात बिकानेर आणि जयपूर यांच्या कोठ्या झाल्या. मी हे राजांना दोष देण्यासाठी सांगत नाही. दुष्काळी कामे त्यांनीही काढली, आणि पुढे जोधपूरच्या उमेदसिंहांनी १९२९ मध्ये आरंभलेला प्रचंड राजवाडा लोकांना मजुरी मिळावी या हेतूने काढला होता. मला एवढेच दाखवायचे आहे की, एकाच उन्हाळ्यात, एकाच राज्यातून दोन वाटा निघाल्या. एक वर गेली, एक पूर्वेस गेली. पहिल्या वाटेच्या पाऊलखुणा दगडात आहेत, म्हणून आपण त्या पाहावयास जातो. दुसऱ्या वाटेची खूण शिरगणतीच्या एका रकान्यात आहे.

अबू कोणाचा?

१९४७ मध्ये इंग्रज गेले आणि अबू परत सिरोहीकडे आला. पण सिरोही कोणाकडे जावे, हा वाद उभा राहिला. जानेवारी १९५० मध्ये सिरोहीची फाळणी होऊन अबू रोड आणि देलवाडा हे तालुके मुंबई राज्यात गेले. उरलेला भाग राजस्थानात. आपल्या श्रोत्यांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण जवळजवळ सात वर्षे अबूच्या पहाडाचा कारभार बाळासाहेब खेर आणि नंतर मोरारजी देसाई यांच्या मुंबई सरकारकडे होता. महाबळेश्वर आणि अबू एकाच राज्यात होते.

गुजरातच्या बाजूने देलवाड्याची मंदिरे आणि सोळंकींचा वारसा यांचा दाखला दिला जाई. राजस्थानच्या बाजूने सिरोही एकसंध असल्याचा. गोकुळभाई भट्ट यांच्यासारख्या सिरोहीच्या नेत्यांनी फाळणीला विरोध केला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अबू राजस्थानला देण्याची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसे झाले. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेले आणि आपले ग्वाल्हेर नव्या मध्यप्रदेशात आले. सीमारेषांनी माणसांची मने कशी दुखावतात, हे बृहन्महाराष्ट्रातील आपणा लोकांना वेगळे सांगावयास नको. अबूच्या बाबतीत एवढे खरे की, राजस्थानातील एकमेव थंड हवेचे ठिकाण राजस्थानला मिळाले.

आपल्या घराजवळचा दाखला

दूरच्या मुलखाविषयी बोलताना आपल्या अंगणाकडे पाहिले पाहिजे. माधवराव महाराज शिंदे यांनी शिवपुरीला ग्वाल्हेर संस्थानची उन्हाळी राजधानी केले. १८९९ मध्ये ग्वाल्हेर-शिवपुरी हा दोन फुटी लोहमार्ग सुरू झाला. म्हणजे तो बरोबर छप्पनियाच्याच सालचा. शिवपुरी ग्वाल्हेरपेक्षा उंचीने अडीचशे-पावणेतीनशे मीटरच अधिक आहे. वर सांगितलेल्या हिशेबाने फरक दोन अंशांहून कमीच भरतो. उरलेला गारवा जंगलाचा आणि बांधलेल्या तलावांचा. शिवपुरी हे अबूसारखे निसर्गाने दिलेले ठिकाण नव्हे. बरेचसे जोधपूरच्या बालसमंदासारखे, माणसाने घडवलेले आहे. झाडी आणि पाणी राखले तर दोन अंशांचे चार होतात, हा त्याचा धडा आहे. आणि झाडी गेली तर चाराचे दोन होतात, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे.

समारोप

मित्रहो, या तीन वाटांपैकी आज काय उरले आहे? अबू आज सर्वांना खुला आहे. १९६० मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २००९ मध्ये पहाड पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कारण गर्दी, बांधकामे आणि पाण्याची ओढ यांनी पहाडच थकू लागला होता. सर्वांनी डोंगरावर जाणे, हे शहराच्या उष्म्याचे उत्तर होऊ शकत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

जोधपूरला गेल्या शतकाच्या अखेरीपासून हिमालयातील नद्यांचे पाणी कालव्याने येऊ लागले. ही मोठी गोष्ट आहे; तिने पिढ्यान्‌पिढ्यांची वणवण थांबवली. पण नळ आला तशा पायऱ्यांच्या विहिरी ओस पडल्या, त्यांत कचरा साचला. उपसा थांबल्याने जमिनीखालचे पाणी चढले आणि जुन्या गावातील तळघरांत शिरले. उन्हाळ्यात जेथे माणसे गारव्याला बसत, तेथे आता पंप लावावे लागले. तूरजीचा झालरा अलीकडच्या काळात गाळ काढून स्वच्छ केला गेला. मी तो पाहिला, तेव्हा गल्लीतील मुले वरच्या कठड्यावरून पाण्यात उड्या मारीत होती. ज्या राणीने तो बांधविला, तिला यापेक्षा दुसरे स्मारक नको असावे.

थंड करणारी यंत्रे आता घरोघर आली आहेत. त्यांची मी निंदा करीत नाही. आजाऱ्याला आणि वृद्धाला ती जीवदान देतात. पण यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करीत नाही, ती गल्लीत टाकते. आणि त्या गल्लीत हातगाडीवाला उभा असतो. विहिरीच्या पायरीवरचा गारवा वाटून घेता येत होता. बंद खोलीतला गारवा वाटून घेता येत नाही. म्हणून मला वाटते की, मारवाडच्या पहिल्या वाटेकडे, आहे तेथेच आणि सर्वांसाठी गारवा घडवण्याच्या वाटेकडे, आपण पुन्हा आदराने पाहिले पाहिजे. झाडांची सावली, राखलेले तलाव, सार्वजनिक पाणपोई, जाड भिंत आणि अरुंद गल्ली यांत मागासलेपण नाही. त्यांत सहाशे वर्षांचा अनुभव आहे.

शाळेतील विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. येत्या उन्हाळ्यात आपापल्या पेठेतील जुन्या विहिरी, बावड्या, तलाव आणि मोठी झाडे यांची यादी करा. कोणी बांधली, कोणी लावली, आज त्यांत पाणी आहे की कचरा, हे लिहून ठेवा, आजी-आजोबांना विचारा. ती यादी शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. इतिहासाचे असे पुस्तक छापखान्यात तयार होत नाही, ते तुम्हांलाच लिहावे लागेल. आणि गुरुजींनी तुम्हांला विचारले असते, "त्या दिवशी त्या गावात पाणी कोठून येत होते?" तर तुमच्याजवळ उत्तर असेल.